मॉस्मनची फेरी

सिडनीत आई आली की ऑपेरा हाऊस बाजूला ठेवून मी तिला आधी मॉस्मनच्या, म्हणजे बंदरापलीकडच्या महागड्या उपनगराच्या, फेरीबोटीत बसवते. वेंटवर्थव्हिलच्या आमच्या भाड्यात तिथलं गॅरेजही मिळायचं नाही, पण बघायला काय जातंय!

१८३१ च्या सुमारास आर्चिबाल्ड मॉस्मनने या खाडीत देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या डागडुजीचा तळ थाटला. त्यातली दगडी वखार अजून उभी आहे. आता तिथे स्काउटची पोरं जमतात. आईने भिंतीच्या खडबडीत चिऱ्यावरून हात फिरवला, म्हणाली, "आपल्या जांभ्यापेक्षा गार गं." १८९३ मध्ये मॉस्मन नॉर्थ सिडनीपासून वेगळं झालं, स्वतःची नगरपालिका घेऊन. आईला मात्र १९१६ चीच गोष्ट आवडली: मॉस्मनमधल्याच तारोंगा प्राणिसंग्रहालयात जायला जेसी हत्तीण चक्क फेरीने बंदर ओलांडून आली.

"तिकीट काढलं होतं का तिचं?"