पहिला विचार आणि दुसरा

रविवार, रात्र

झाझेनला, म्हणजे झेन बौद्ध परंपरेतल्या बैठ्या ध्यानाला, बसायचं म्हणजे मन कोरं करायचं, हा समज भलताच चिवट. नवीन माणूस विचार थोपवायला जातो, दहा मिनिटांत थकतो आणि 'हे आपलं काम नाही' म्हणून उठतो. चिनी गुरू याओशान निश्चल बसले होते, तेव्हा एका भिक्षूने विचारलं, काय विचार चाललाय? ते म्हणाले, विचार न करण्याचा. तो कसा करायचा? विचारापलीकडे राहून. पुढे जपानमध्ये दोगेन (१२००–१२५३) यांनी बैठक शिकवताना हाच संवाद मध्यभागी ठेवला.

गोंधळ पहिल्या विचाराने होत नाही. दार आपटलं, ऐकू आलं. इथवर सगळं लख्ख आहे. मग 'कोणी आपटलं?', 'मुद्दाम?', 'कालही असंच'. तिसऱ्या वाक्याला दार राहतं बाजूला आणि आपण भांडणात. साखळी लक्षात आली की पाठ सरळ करायची, श्वासावर यायचं. स्वतःवर चिडायचं नाही. ती चिडचिड म्हणजे पुढची कडी.

मनाचा खरा पत्ता हात देतात. उजव्या तळव्यावर डावा हात, दोन्ही अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली, बेंबीच्या खाली लंबगोल. गुंगी आली की अंगठे घसरतात, लंबगोल चपटा होतो. डोक्यात वाद रंगला की ते एकमेकांना रेटतात आणि मधे टोक उभं राहतं. हे आपल्याला कळण्याआधीच झालेलं असतं, म्हणून अधूनमधून तिकडे लक्ष जाऊ द्यावं.

श्वास मोजायचे ते सोडताना, एक ते दहा, मग पुन्हा एक. आकडा हरवला तर एकपासून; त्यात कमीपणा नाही. सतरावर पोचलात तर मोजणी आपोआप चालली होती, तुम्ही भलतीकडेच होता.

डोळे अर्धवट उघडे, नजर सुमारे मीटरभर पुढे जमिनीवर. मिटले की झोप तरी येते, नाहीतर चित्रं दिसू लागतात. उघड्या डोळ्यांनीही कधी भिंतीवर चेहरे, प्रकाश दिसतो. त्याला माक्यो म्हणतात. सिद्धी वगैरे काही नाही, हेही येऊन जाऊ द्यायचं. (याच्या सुरस वर्णनांनी जितकी माणसं भरकटतात, तितकी पायाच्या मुंग्यांनी भरकटत नसावीत.)

गुंगी हटतच नसेल तर कंबर किंचित पुढे घ्यावी, हनुवटी आत. तरीही डुलकी येत असेल तर उठून किनहिन, म्हणजे चालत केलेलं ध्यान: सोतो या झेन पंथाच्या पद्धतीत एका पूर्ण श्वासाला अर्धं पाऊल.