बडोद्याला रविवर्मा बघायला निघालेल्यांसाठी

आधीच सांगून ठेवतो. राजा रविवर्म्याची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून बडोद्याला निघाला असाल, तर सयाजीबागेतल्या म्युझियमच्या रांगेत उभे राहू नका. त्याचा तो नावाजलेला संग्रह महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये आहे, म्हणजे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात. बागेपासून तीन-चार किलोमीटर लांब. "अरे, बागेतच म्युझियम आहे, सगळं तिथेच," असं आतेभावानं छातीठोकपणे सांगितलं होतं. तो बडोद्यात चार वर्षं शिकलाय, म्हणून मीही खातरजमा केली नाही. खरं काय ते कळलं रविवारी दुपारी चारला, पायांचे तुकडे पडल्यावर.

मग सोमवारी सकाळी रिक्षा केली. फत्तेसिंह म्युझियम सोमवारी बंद असतं. रिक्षावाल्याला हे ठाऊक होतं, पण बोलला कधी? फाटकाशी थांबून, पैसे हातात पडल्यावर! वर परत सोडायचे वेगळे. जाऊन येऊन चारशे रुपये मोजले आणि बघितलं काय, तर बंद फाटक. बसण्याआधी भाडं ठरवा, आणि वार बघा. सोमवार टाळा. बास.

आता बागेतल्या म्युझियमविषयी. रुसून गेलो होतो, तरी कबूल करतो, दोन तास कमी पडले. सयाजीरावांच्या काळातली इमारत, १८९४ साली पूर्ण झालेली. शेजारची चित्रशाळा १९१४ साली बांधून तयार झाली, पण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं यायला उशीर झाला आणि ती उघडली १९२१ साली. युरोपीय चित्रांपुढून मी भरभर गेलो. थांबलो ते निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, सत्तर फुटांहून लांब. जबड्याची दोन हाडं वाकवलेल्या बांबूंसारखी पुढे येऊन भेटतात. एक छोटी मुलगी आईला विचारत होती, "ह्याचे दात कुठेयत?" आईकडे उत्तर नव्हतं. निळ्या देवमाशाला दात नसतातच. बडोद्यातल्याच अकोट्याच्या जैन धातुमूर्ती मात्र चुकवू नका, लहान आहेत म्हणून लोक पुढे निघून जातात.

बाग ११३ एकरांची आहे, १८७९ सालची. फुलांचं घड्याळ, झुकझुक गाडी, प्राणिसंग्रहालय, हे सगळं पोरं बरोबर असतील तर. रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मी गर्दीतून बाजूला होत संकल्पभूमीपाशी जाऊन बसलो. १९१७ साली पारशी वसतिगृहातून बाहेर काढल्यावर बाबासाहेबांनी मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास याच बागेत काढले होते. परदेशातून शिकून आलेला, संस्थानात नोकरीला आलेला माणूस, आणि अख्ख्या शहरात राहायला खोली मिळेना. ते आठवलं की चारशे रुपयांचा माझा संताप जरा ओशाळतो. अर्थात रिक्षावाल्याला माफी नाहीच.

स्टेशनवरून बाग पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, त्यासाठी रिक्षा नको. उन्हाळ्यात पाणी घेऊनच निघा. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, त्या पुलावरूनच बघा. फोटोसाठी काठावर उतरणारा एक महाभाग मला दिसला, त्याला दोघा-तिघांनी ओरडून वर बोलावलं.