म्हशीला दुखतंय हे मला कुणी सांगितलं?

सोलापूर-मंगळवेढा रोडवरून आत एक गाव आहे, तिथली केस. पंढरपुरी म्हैस, दुसरं वेत, व्यायल्यावर थोड्याच दिवसात पारडू गेलं आणि तेव्हापासून हिचं खाणं कमी, रवंथ बंद, दूध जवळपास नाहीच. घरातल्या पोराचं म्हणणं, "पान्हा चोरायलीय साहेब, इंजेक्शन मारा." म्हणजे ऑक्सिटोसिन, पान्हा सोडायला लावणारं औषध, जे चिठ्ठीशिवायही मिळून जातं. आजीचं म्हणणं वेगळं, "सुतक पाळायलीय ती, लेकरू गेलंय तिचं."

मी दोघांनाही हो हो केलं, कारण माझं लक्ष म्हैस उभी कशी आहे तिकडं होतं. पाठीला बाक, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढलेले, उतारानं हौदाकडं जायला नको म्हणत होती. मग बांबू मागवला. छातीच्या मागच्या बाजूला पोटाखालून आडवा धरायचा, दोघांनी दोन्हीकडून सावकाश उचलायचा आणि एकदम सोडायचा, मी श्वासनळीवर स्टेथोस्कोप लावून. थोडं थोडं पुढंमागं करत एका जागी आलो आणि आतून बारीक कण्हल्याचा आवाज आला, बाहेर उभ्या माणसाला पत्तासुद्धा नाही. नवीन पोरं हे करायला लाजतात, त्यांना आधी मशीन पाहिजे.

तार होती. जनावर ओठानं निवडून खात नाही, कडबाकुट्टीत बाइंडिंग वायरचा तुकडा आला की गेला पोटात, जड म्हणून जाळीपोटात, म्हणजे चार पोटांतल्या एकात, बसतो, आणि ते पोट आवळलं की पुढं सरकतो. पुढं पोट आणि छातीमधला पडदा, त्याच्यापलीकडं हृदय. दुसऱ्या दिवशी डाव्या भकाळीवर, उभ्यानंच, बधिर करणारं लिग्नोकेन देऊन पोट उघडलं, खांद्यापर्यंत हात घातला आणि बोटभर तार काढली.

खरं डोक्यात बसलंय ते चिरा देण्याआधीचं. भूल चढली का बघायला आपण सुई टोचतो, कातडी थरथरली नाही की बधिर झालं म्हणून सुरी लावतो. लिग्नोकेन नसा बंद करतं, त्यामुळं भरवसा आहे. पण पूर्वी घोडे पाडायला सक्सिनिलकोलीन द्यायचे, त्यानं स्नायू लुळे पडतात, दुखणं मात्र जसंच्या तसं राहतं. घोडा शांत पडलेला आणि आत सगळं कळतंय! वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. म्हणजे न हलणं हा पुरावाच नाही, आणि कण्हणं तरी कुठं पुरावा, देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात जनावरं म्हणजे यंत्रं असंच मांडलं होतं की. तरी त्या एका आवाजावर मी छातीठोक सांगितलं, हिला इथं दुखतंय. एकानंही उलट विचारलं नाही, तुला कसं कळलं म्हणून.

चौथ्या दिवशी रवंथ सुरू, वैरण खायला लागली. मी खूश. दूध मात्र पोरगा बसला की थेंब नाही, आणि आजी आंबोण पुढं ठेवून, काहीबाही बोलत बसली की दीड लिटर! आजी मला म्हणते, "तार काढलीस बाबा, पण ते दुसरं राहिलंच की." माझ्याकडं उत्तर तयार होतं, पोरगा काठी चालवतो, त्याला बघितलं की ॲड्रेनलिन वाढतं, पान्हा अडतो. पुस्तकात आहे, खरं पण आहे. पण घरी येताना वाटलं, ॲड्रेनलिन म्हणजे ती भ्यायली असंच मी म्हणायलोय ना. तिची भीती मला चालते, तिचं दुःख म्हटलं की मी पुरावा मागतो, आणि दोन्ही वेळेला माझ्या हातात काय, तर ती कशी उभी राहिली आणि दूध दिलं की नाही, एवढंच.

पैठणला रेड्यावर आसूड ओढले आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले, ही गोष्ट आमच्या भागात वारीत शेंबड्या पोराला पण माहितीय. रेड्यानं वेद म्हटले त्याच्यापेक्षा मला हेच जास्त अवघड वाटतं. आमच्या पाठीवर वळ उठत नाहीत, म्हणून बांबू लागतो.

पोरगा काल परत फोन करून इंजेक्शनचं विचारत होता. नाही म्हणून सांगितलं, टाके निघेपर्यंत धार आजीच काढतील, आणि तू काठी घेऊन गोठ्यात जायचं नाही. "का साहेब, डोक्यात ठेवतीय का ती?" म्हणाला. काय की बाबा, पण जाऊ नको.