आबा आणि मंगोची शेड

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा शहरापासून मंगो राष्ट्रीय उद्यान एकशे दहा किलोमीटर. शहर मागे पडल्यावर पुढं डांबर संपतं आणि लाल माती सुरू होते. पाऊस पडला की रस्ता बंद. न्यू साउथ वेल्सच्या या कोपऱ्यात मी सहा वर्षं पर्यटकांची छोटी बस चालवतो, वर तोंडानं माहितीही देतो. ती इतकी पाठ झालीय की गिअर आणि वाक्य एकाच वळणावर बदलतात.

जुलैतल्या त्या बुधवारी सहा जण होते. पाच मेलबर्नचे, सहावे आटपाडीकडचे आबा. मुलगा इथल्या द्राक्षबागेत कामाला. त्याला रजा मिळेना, म्हणून वडील माझ्या हवाली. सत्तरी उलटलेली, डोक्याला कानटोपी, स्वेटरवर काळं घोंगडं. जन्म मेंढ्या राखण्यात गेलेला. मेंढ्यांना ते बकरीच म्हणायचे. इथं मेंढ्यांच्या अफाट मुलखाला 'स्टेशन' म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांनी रेल्वे कुठाय ते विचारलं.

लोकर कातरायची शेड 1869 सालची. तेव्हा ही जमीन 'गोल गोल' नावाच्या स्टेशनची. उभ्या खांबांना खाचा पाडून त्यांत सायप्रस पाइनचे आडवे ओंडके वरून सोडलेत, अशा भिंती. या लाकडाला वाळवी सहसा शिवत नाही. मी ठरलेल्या जागी उभा राहून सुरुवात केली, तर आबा गायब. आत जाऊन पाहतो तो एका आडव्या फळीवरून हात फिरवतायत. मग हात नाकाशी नेला.

"बकरी हाय की हितं."

1979 पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, मेंढ्या केव्हाच गेल्या. पण त्या फळीला पिढ्यान्‌पिढ्या अंगं घासली गेली होती. लोकरीतली ओशट चरबी मुरून लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं. मीही वास घेतला. सहा वर्षांत कधी घेतला नव्हता. जमिनीच्या फळ्यांतल्या फटींबद्दल सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "लेंड्या खाली पडाय व्हय." कातरलेली मेंढी बाहेर सोडायची वाटही त्यांनीच दाखवली. "हितनं भाईर. तिथं मोजणी." माझ्याकडं बोलण्यासारखं काही उरलं नाही. मेलबर्नवाले आता त्यांच्याच मागून फिरत होते आणि मी आपला दुभाषा.

"एका बकऱ्याला लोकर किती निघती?"

इथल्या मेरिनो जातीच्या मेंढीला चार-पाच किलो, म्हटलं. त्यांना थट्टा वाटली. आमच्या दख्खनी मेंढीला वर्षाकाठी किलोभर मिळायची मारामार, आणि आता तीही कुणी घेत नाही. कातरणाऱ्याची मजुरी अंगावर येते.

झँसी नावाच्या जुन्या छोट्या स्टेशनचं घर-तबेले झटपट उरकले. पहिल्या महायुद्धानंतर मोठं स्टेशन तोडून परतलेल्या सैनिकांना तुकडे दिले, त्यातला हा एक. उन्हाळ्यात बसायला जमिनीत खणलेली खोली तेवढी आबांना पसंत पडली.

दुपारी 'वॉल्स ऑफ चायना'. कोरड्या तळ्याच्या काठची वाळू-मातीची लांबच लांब टेकडी, पावसानं चिरलेली. तळ्यात हजारो वर्षांत पाणी नाही. 1968 मध्ये जिम बाउलर या भूवैज्ञानिकाला इथं एका बाईची जळालेली हाडं दिसली, 1974 मध्ये एका पुरुषाची. दोघं सुमारे 42 हजार वर्षांपूर्वीची. बाईचं दहन केलेलं होतं, हे ऐकून आबांनी टोपी काढली.

"मग वर कशी आली?"

मेंढ्यांनी आणि सशांनी झुडपं खाल्ली, खुरांनी माती सुटी केली, वारा-पावसानं ती नेली. हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलंय. आबांना पटेना. बकरी अशी जमीन खात न्हाई. लेंडीखतासाठी रानात बकरी बसवायला शेतकरी आम्हाला धान्य देतो! दिवाळीनंतर आम्ही कोकणात उतरतो, पावसाळ्याच्या तोंडाला परत.

"हितं राखायला कोण हुतं?"

"आधी धनगर होते, आबा. मग तारेचं कुंपण आलं."

बराच वेळ ते टेकडीकडं बघत राहिले. "तार कुठं जागची हलती," म्हणाले.

परतताना उद्यानाबाहेर एका टाक्यापाशी मेरिनो दिसल्या. आबांनी बस थांबवायला लावली. कुंपणाशी जाऊन जीभ टाळूला लावून हाळी घातली. मेंढ्या दचकल्या आणि धूळ उडवत पार लांब पळाल्या. मेलबर्नवाले हसले. आबा मात्र ओठ हलवत होते.

"एकशे बारा. त्यातली एक लंगडतीया, मागल्या उजव्यानं. मालकाला सांग."

मालक कोण, घर किती मैलांवर, मला काय ठाऊक. तसं सांगितलं. पण आबा बसमध्ये चढेनात. शेवटी फाटकावरच्या पाटीवरचा नंबर लिहून घेतला, तेव्हा कुठं पायरीवर पाय ठेवला. मिल्ड्युरा जवळ आल्यावर फोनला रेंज आली, तशी पाठीमागून आठवण आली, "मागल्या उजव्यानं म्हणावं."