काळ्या दगडाच्या गावात चुनखडकाचा अभ्यास

"कोल्हापूर तर सगळं काळ्या पाषाणाचं, मग इथं बसून चुनखडकातल्या तेलाचं संशोधन कसलं करता?" पाहुण्यांपासून कॉलेजातल्या मुलांपर्यंत सगळे हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

अभ्यासाचा दगड बाहेरून येतो, हे खरंच. मुंबई हाय आपल्याला ऐकून माहीत असतं. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या तरत्या यंत्रणेने किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तिथं विहीर खोदली आणि तेल लागलं. ते तेल मुख्यतः चुनखडकात आहे. सौदीचं घवार हे प्रचंड तेलक्षेत्रही चुनखडकाचंच. पण खाली तेलाचं तळं नसतं, तेल असतं दगडाच्या बारीक पोकळ्यांत. आंबोळीला जाळी भरपूर पडते, पण एका भोकातून दुसऱ्यात वाट असेलच असं नाही. चुनखडकात नेमकी हीच गोम आहे. शंख-शिंपले, पोवळी, शेवाळं यांचा तो दगड. पुढं लाखो वर्षं पाणी त्याला कुठं विरघळवतं, कुठं पुन्हा भरून काढतं. त्यामुळे वीतभर अंतरावरचे दोन तुकडेही सारखे वागत नाहीत.

हे बघायला पोकळ्यांत निळं इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी राळ, भरतात आणि दगड घासत ०.०३ मिलिमीटर जाडीवर आणतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पोकळी तेवढी निळी दिसते. अ‍ॅलिझरिन रेड हा रंग लावला की कॅल्साइट हे चुनखडकाचं मुख्य खनिज तांबूस होतं, डोलोमाइट हे त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं खनिज रंग घेत नाही. निळ्याला निळं कुठं जोडलंय हे शोधण्यात माझा दिवस कसा जातो कळत नाही.

आता आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. खाणीतल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. जोरात फसफसलं तर बहुधा कॅल्साइट, आणि सुटणारा वायू म्हणजे दगडात बांधला गेलेला कार्बन डायऑक्साइड. बेसाल्टमधलं कॅल्शियम आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी भेटलं की हे घडतं. आइसलँडमध्ये हेच मुद्दाम घडवलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बेसाल्टात सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत खनिज झाला. चुनखडकात मात्र तेच आंबट पाणी दगड विरघळवू लागतं, वाटा बदलतात. रिकाम्या तेलक्षेत्रात कार्बन साठवायचा तर या वाटा आधी कळायला हव्यात. माझं काम इथंच जोडलेलं आहे.

"मग हा वायू इथंच का नाही पुरत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं. आणि आपल्या विहिरी-बोअरना पाणी येतं ते याच बेसाल्टच्या भेगांतून. कोणती भेग कुणाच्या विहिरीला मिळते हे तपासल्याशिवाय इथं काही सोडायला माझा ठाम विरोध राहील. तपासायला मात्र मी उद्याही तयार आहे.