आपल्याच गावात खोली शोधायची म्हणजे

जन्म कोल्हापुरात गेला, पण इथल्या लॉजवर रात्र काढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. म्हणून आईच्या पंचाहत्तरीला सगळ्यांनी यायचं ठरलं आणि "ताई, तू तिथलीच, रूमचं तूच बघ" असं भावंडांनी परस्पर माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा गल्ल्या सगळ्या तोंडपाठ होत्या आणि कुठल्या हॉटेलात गरम पाणी येतं हे अजिबात ठाऊक नव्हतं. आमचं घर मंगळवार पेठेत, दोन खोल्यांचं. त्यात तारीख आली 31 जानेवारी, म्हणजे अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचा पहिला दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात, ती बघायला नोव्हेंबरात 9 ते 11 आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी अशी बाहेरगावची गर्दी लोटते. देवळाजवळच्या खोल्या तेव्हा आधीच गेलेल्या असतात.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. मोबाइलवर ॲप उघडलं, 'स्वस्त ते महाग' लावलं आणि तासभर फोटो बघत बसले. सगळ्या खोल्या सारख्याच दिसायला लागल्या: पांढरी चादर, त्यावर टॉवेलचा हंस. शेवटी फोन बाजूला ठेवला आणि वहीत लिहून काढलं, की कोण पहाटे उठून कुठे जाणार आहे. सोलापूरच्या मामा-मामींना काकड आरती. दोघा मावसभावांना रात्रीच्या एसटीने येऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत. पुण्याची बहीण आणि दाजी गाडी घेऊन, सोबत दोन पोरं. आणि लंडनचा आतेभाऊ, त्याला "काहीतरी बुटीक, शांत, रंकाळ्याजवळ". एवढं लिहिल्यावर निम्मं शहर आपोआप गळालं. भाड्याचं मग बघता येतं.

मामा-मामींसाठी महाद्वार रोड आणि ताराबाई रोड पायी पालथा घातला. भक्तनिवासात जागा नव्हतीच. एका लॉजवर पाटी होती, 'लिफ्टची सोय'. मी विचारलं, "लिफ्ट खालपासनं आहे न्हवं?"

"आहे की. पहिल्या मजल्यापासनं वर."

"आणि पहिल्या मजल्यापर्यंत?"

"त्येवढ्या पायऱ्या हायत बघा, जास्त न्हाईत."

तळमजल्यावर दुकानं असली की हे असंच असतं. मामींचे गुडघे डोळ्यासमोर आले आणि मी खाली उतरले. पुढच्या लॉजवर खोली झकास, कमोड होता, खिडकी रस्त्याकडे. गरम पाण्याचं विचारलं तर "सकाळी सहा ते नऊ, भरपूर." वर टाकीत तापवून सगळ्या खोल्यांना एकत्र सोडतात. काकड आरतीला जाणारा माणूस सहाला पाणी घेऊन काय करणार? ॲपवर 'हॉट वॉटर' असं हिरव्या खुणेसकट लिहिलेलं असतं, वेळ कोण लिहितो! शेवटी एका जुन्या लॉजवर मागच्या बाजूला तळमजल्याची खोली मिळाली. रंग उडालेला, टीव्ही छोटा, पण बाथरूममध्ये स्वतंत्र गिझर. मी तो लावून, बादली भरेपर्यंत तिथेच उभी राहिले. मॅनेजर म्हणाला, "वहिनी, आंघोळ करूनच जाताय काय?" म्हणाला तर म्हणाला. खोली ठरली.

मावसभावांचं काम सोपं. मध्यवर्ती बसस्थानक ते रेल्वे स्टेशन या पट्ट्यात लॉजच लॉज आहेत. तिथे भाड्याआधी विचारायचं ते चेकआउटचं. बऱ्याच ठिकाणी दुपारी बारा म्हणजे बारा. रात्री अकराला आलेला माणूस दुसऱ्या रात्री दहाला निघणार असेल, तर तिथे दीड-दोन दिवसांचं भाडं पडतं. 'चोवीस तास' पद्धतीच्या लॉजवर तेच एका दिवसात भागतं, मग तिथला दर शे-दोनशे जास्त का असेना.

बहिणीसाठी ताराबाई पार्कातलं मध्यम हॉटेल घेतलं, कारण पार्किंग. गाडी घेऊन देवळाजवळ उतरणाऱ्यांची सगळी संध्याकाळ बिंदू चौकाच्या पार्किंगमध्ये जागा शोधण्यात जाते.

खरा घोळ आतेभावाचा. लहानपणी बघितलेला रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस त्याच्या डोक्यात पक्का बसलेला. 1930च्या दशकातली ती राजेशाही इमारत पुढे हॉटेल झाली होती. तिथेच उतरायचं म्हणाला. ते हॉटेल केव्हाच बंद पडलंय हे सांगितल्यावर चार दिवस रुसल्यासारखा बोलत होता. त्यात त्याच्या बायकोचा पासपोर्ट ब्रिटिश. परदेशी नागरिक उतरला की हॉटेलवाल्याला 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन सरकारकडे नोंदवावी लागते. छोट्या लॉजवाल्यांकडे त्याची सोय नसते, मग ते सरळ "रूम शिल्लक नाही" म्हणतात. बुकिंग झालेलं असलं तरी काउंटरवर पासपोर्ट बघून नाही म्हणू शकतात. तेव्हा फोनवरच स्पष्ट विचारून घ्यावं.

आता 'बुटीक'. या नावाखाली आपल्याकडे काय काय खपतं! एका ठिकाणी नेहमीच्याच दहा बाय बाराच्या खोल्या, फक्त एका भिंतीवर पैलवान आणि एका भिंतीवर कोल्हापुरी चप्पल रंगवलेली, भाडं दुप्पट. 'लेक व्ह्यू' म्हणून दाखवलेल्या खोलीतून रंकाळा दिसायला बाल्कनीच्या कठड्यावरून निम्मं बाहेर वाकावं लागत होतं. मला पटलं ते ठिकाण अगदी साधं निघालं. जुनं बैठं घर, मोजक्या खोल्या, मधे चौक, आणि मालकीणबाई स्वतः विचारत होत्या, "सकाळी पोहे करू का थालीपीठ? रस्सा कितपत तिखट चालेल?" त्यांनी न विचारताच सांगितलं, की रस्त्याकडची खोली घेऊ नका, पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांचा आवाज होतो. स्वतःच्या खोलीतलं वैगुण्य आपणहून सांगणाऱ्या माणसाला जास्तीचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

पैशाचं एक मात्र बघून घ्या. खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के (सप्टेंबर 2025 पासून, त्याआधी 12 होता), त्याच्या वर गेलं की 18 टक्के. म्हणजे 7,500ची खोली 7,875ला पडते आणि 7,600ची 8,968ला. शंभर रुपयांपायी जवळजवळ अकराशेचा फटका! ॲपवर पहिला आकडा दिसतो तो बऱ्याचदा कराशिवायचा असतो. त्यामुळे ठिकाण ॲपवर हेरायचं आणि मग हॉटेलला थेट फोन लावून "सगळं धरून किती?" एवढंच विचारायचं. मला दोन ठिकाणी त्यात नाष्टा पदरात पडला. ॲडव्हान्स भरल्यावर खोली क्रमांकासकट व्हॉट्सॲपवर लिहून मागितलं. आधारची प्रत सगळीकडे मागतात. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार दिलं तर कुणीच खळखळ केली नाही.

कार्यक्रम छान झाला. मामा आरतीला वेळेत पोचले, आतेभावाने मालकीणबाईंकडून पांढऱ्या रश्श्याची कृती लिहून घेतली.

आता बहिणीच्या मैत्रिणी विचारतायत, की ऑगस्टमध्ये आम्हालाही बघून दे. पावसाळ्याचं गणित वेगळं. 2019 आणि 2021 साली व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली पाण्यात होती, हायवेही बंद पडला होता. पन्हाळ्याच्या वाटेवरचं फार्मस्टे फोटोत कितीही हिरवंगार दिसलं, तरी पूर आला की केर्लीजवळ पाणी येऊन रस्ता बंद होतो. त्या दिवसांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहायची: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. आणि बुकिंग घ्यायचं ते आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येईल असंच, मग दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.