शाकारणी

आज घराची शाकारणी झाली, म्हणजे छपराची कौलं चाळून, फुटकी बदलून पुन्हा नीट लावून झाली. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, त्याआधी कोकणात छपराला हात लागलाच पाहिजे. कौल तसं टिकाऊ. फुटतं ते माकडांच्या उड्यांनी, नाहीतर नारळ पडून. खरा घात होतो वाशांचा. एका फुटक्या कौलातून ठिबकणारं पाणी वासा कुजवतं, मग वाळवीला आमंत्रणच. म्हणून काका एकेक वासा हातोडीने ठोकून आवाज ऐकतात. पोकळ वाजला की बदला! पन्हळीतला पाचोळाही काढला, नाहीतर पाणी उलटं भिंतीत मुरतं आणि भिंतीतला जांभ्या दगडाचा चिरा ते पीत बसतो. आता गणपतीआधी रंग, दिवाळीच्या सुमारास अंगणाची चोपणी.

“पत्रे घाला नि मोकळे व्हा,” असं सगळे सांगतात. मे महिन्यात भरदुपारी पत्र्याखाली बसून दाखवा म्हणावं!